सातबारा नसलेल्या समुद्रात भाऊबंदांची वाटणी कशी होते?

१७ जानेवारी २०२६ पासून खुल्या समुद्राचा, म्हणजे तिथं संरक्षित क्षेत्रं काढायची सोय करणारा, आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. खुला समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून साधारण ३७० किलोमीटरच्या पुढचा, कुठल्याच देशाच्या मालकीचा नसलेला, आणि जगातला निम्म्याहून जास्त समुद्र असलाच आहे. आपल्याकडं सोलापुरात तेव्हा गड्ड्याची जत्रा चालू होती त्यामुळं बातमीकडं फार कुणी बघितलं नाही, पण त्याच आठवड्यात हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघताना थर्मासमधला चहा ओतत ओतत आमच्यातल्या एकानं विचारलं, "नुसतं पाणीच पाणी, तिथं संरक्षित क्षेत्र काढून वाचवणार कुणाला?"

टोमणाच होता, पण प्रश्न बरोबर जागी लागला. समुद्रपक्षी आपल्याला दिसतात ते घरट्यावर, घरटं सुटलं की गायब. एकाच कड्यावर शेजारीशेजारी अंडी घालणाऱ्या, दिसायलाही जवळजवळ सारख्या अशा जाती पुढचे कित्येक महिने समुद्रावर एकत्र राहतात का पांगतात हे अलीकडं अलीकडंपर्यंत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आता बरंच कळलंय. सोलापूरहून समुद्र गाठायचा तर आख्खा दिवस जातो, तरी मी हे सांगणार आहे, कारण वाटण्या, बांध आणि दुष्काळ या विषयांत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आधी दिवाळीतलं घर बघा

आजोबांचं घर घ्या. वर्षभर पोरं कुठं कुठं असतात, एक पुण्यात आयटीत, एक हैदराबादला, एक इथंच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. दिवाळीला मात्र सगळे एका छपराखाली, एक न्हाणीघर, पहाटे उटण्याला नंबर. आता एखादा पाहुणा फक्त दिवाळीतच येऊन गेला तर त्याला वाटणार की ही सगळी माणसं असंच दाटीवाटीनं राहतात, एकच खातात, एकच काम करतात.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत आपण सगळे असलेच पाहुणे होतो. पक्षी कितीही समुद्राचा असला तरी अंडं पाण्यावर घालता येत नाही, जमीन लागते, आणि मांजर-उंदीर-कोल्हा नसलेली बेटं थोडी. म्हणून विणीच्या हंगामात, म्हणजे अंडी घालून पिल्लं वाढवायच्या काळात, सगळे नातेवाईक एका बेटावर. शिवाय पिल्लाला भरवायला परत यावं लागतं, त्यामुळं दावणीला बांधलेल्या म्हशीसारखं, जेवढं दावं लांब तेवढंच चरायचं. पिल्लू उडालं की दावं सुटतं. मग कोण कुठं जातं, ती खरी गोष्ट.

हिप्परग्यावरचे दोन पाणकावळे

समुद्राकडं जायच्या आधी तलावावरच थोडं थांबू. त्या सकाळी आमच्यासमोर दोन जातींचे पाणकावळे होते, छोटा आणि भारतीय. लांबून दोघं काळे, दोघं बुडी मारून मासे धरणारे, दोघं दगडावर पंख पसरून वाळत बसणारे. पण अर्धा तास दुर्बीण हलवली नाही की फरक दिसायला लागतो. छोटा एकटा, काठाच्या गवतालगत, उथळ पाण्यात पट्कन बुडी आणि बोटाएवढा मासा घेऊन वर. भारतीयवाले पाच-सहा जण मिळून जरा आतल्या पाण्यात, रांगेनं पुढं सरकत मासळी घेरत. तलाव एकच, पण ताटं वेगळी.

याला जीवशास्त्रात निश म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आपला भिंतीतला कोनाडा, म्हणून मी पुढं कोनाडाच म्हणणार आहे. प्रत्येक जातीचा जगण्याचा कोनाडा, म्हणजे काय खाते, कुठं खाते, कधी खाते. रशियाच्या गाऊज नावाच्या शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये काचेच्या भांड्यात पॅरामेशियम हे सूक्ष्मजीव वाढवून दाखवलं होतं की दोन जाती अगदी एकाच अन्नावर, एकाच पद्धतीनं जगायला लागल्या तर एक टिकते आणि दुसरी संपते. मग निसर्गात एवढे सारखे सारखे पक्षी शेजारी शेजारी कसे? ब्रिटनच्या डेव्हिड लॅकनं १९४५ मध्ये पाणकावळा आणि त्याचाच भाऊबंद शॅग यांच्याबद्दल हेच उलगडून दाखवलं. दोघं एकाच किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या मते दोघं सारखेच चोर, पण खाणं तपासलं तर पाणकावळा खाड्यांतल्या उथळ तळाशी चपटे मासे आणि कोळंबी उचलणारा, आणि शॅग जरा मोकळ्या पाण्यात मधल्या थरातले बारीक मासे धरणारा. कोनाडे वेगळे निघाले.

हे सगळं काठावरून बघता येण्यासारखं आहे. हजार किलोमीटर आत कोण दुर्बीण घेऊन बसणार?

पायातलं घड्याळ आणि पिसातली डायरी

इथं दोन युक्त्या कामाला आल्या आणि दोन्ही मला भारी वाटतात.

पहिली जिओलोकेटर. हे एक-दोन ग्रॅमचं यंत्र, पायातल्या कडीला बांधलेलं. त्यात जीपीएस नसतं, ते फक्त उजेड किती आहे आणि किती वाजले एवढं लिहून ठेवतं. तेवढ्यावर जागा कशी कळते? सोलापूर मुंबईच्या साधारण तीन अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो मुंबईच्या बारा मिनिटं आधी. म्हणजे भर दुपार नेमकी किती वाजता झाली हे कळलं की पूर्व-पश्चिम जागा सापडली. आणि दिवस किती तासांचा होता यावरून उत्तर-दक्षिण, कारण जून महिन्यात जेवढं उत्तरेला जाल तेवढा दिवस मोठा. झालं, एवढंच. चूक दीड-दोनशे किलोमीटरची होते, म्हणजे यंत्र सोलापूर म्हणालं तर पक्षी लातूरला किंवा विजापूरलाही असू शकतो, पण आख्ख्या महासागराच्या हिशोबात चालून जातं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास मात्र सगळीकडंच दिवस-रात्र सारखी असल्यानं उत्तर-दक्षिण जागा हरवते, त्या दिवसांची पानं कोरी. आणि सगळ्यात मोठी कटकट म्हणजे माहिती यंत्रातच राहते, तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच बिळात परत आला आणि हातात सापडला तरच काम झालं.

दुसरी युक्ती पिसांची. पीस आपल्या नखासारखं, वाढताना जे खाल्लं त्यातून बनतं आणि एकदा पूर्ण झालं की मेलेलं, बदलत नाही. बऱ्याच समुद्रपक्ष्यांची पिसं विणीनंतर समुद्रावरच बदलतात. कार्बनचे आणि नायट्रोजनचे हलके-जड असे दोन प्रकार असतात आणि दक्षिणेकडच्या समुद्रात गरम पाण्याकडून अंटार्क्टिकाच्या गार पाण्याकडं जाताना जड कार्बनचं प्रमाण उतरत जातं. नायट्रोजनचं उलट, बारक्या जिवाला मोठ्यानं खाल्लं, त्याला आणखी मोठ्यानं खाल्लं, की पायरीपायरीनं जड प्रकार वाढतो. म्हणजे एका पिसाच्या तुकड्यावरून पक्षी गार पाण्यात होता का उबदार, आणि कोळंबीसारखं काही खात होता का मासा, दोन्ही कळतं.

नाव अंटार्क्टिक, मुक्काम उबेला

नकाशावर सोलापूरवर बोट ठेवा आणि खाली खाली सरकत जा, किंचित डावीकडं. कर्नाटक-केरळ संपलं की पाणीच, सात हजार किलोमीटरहून जास्त गेल्यावर केर्गुलेन नावाची फ्रान्सच्या ताब्यातली बेटं लागतात. झाड नाही, कायम वारा. तिथं जमिनीत बिळं करून राहणारे तीन जवळचे नातेवाईक आहेत, पातळ चोचीचा प्रायन, अंटार्क्टिक प्रायन आणि ब्लू पेट्रेल. वजन दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास, पाठ निळसर-राखाडी, पंखांवर काळसर एम. बिळाकडं येतात ते रात्रीच, कारण दिवसा आले तर स्कुआ नावाचा दांडगट पक्षी उचलतो.

विणीच्या हंगामात दोन्ही प्रायनांनी पिल्लांसाठी आणलेलं खाणं तपासलं तर मुख्य माल एकच, थेमिस्टो नावाचा कोळंबीच्या जातकुळीतला बारका जीव. म्हणजे दिवाळीत सगळ्यांच्या ताटात चिवडाच. दाव्याची लांबी ठरलेली, मग दुसरं काय आणणार.

पण पिल्लं उडाली की दोघं जे पांगतात! अंटार्क्टिक प्रायन, नावातच अंटार्क्टिक असलेला, हिवाळ्यात वर उबदार पाण्याकडं येतो. पातळ चोचीचा खाली अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पाण्याकडं जातो. आधी पिसांवरून हे सुचलं आणि मग जिओलोकेटरनं तेच सांगितलं. नाव ठेवणाऱ्याची चूक नाही म्हणा, त्यानंही बेटावरच बघितलं असणार. तिसरा, ब्लू पेट्रेल, तोही गार पाण्यातला, त्यामुळं त्याचा आणि पातळ चोचीवाल्याचा इलाका काही प्रमाणात एकमेकांवर चढतो, पण त्याची वीण या दोघांच्या आधी उरकते, म्हणजे तो मोकळाही आधी होतो.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की जिथं गर्दी सक्तीची आहे तिथं हे भाऊबंद चिवडा वाटून खातात आणि जिथं आख्खा समुद्र मोकळा आहे तिथं वेगळे होतात. आपल्याला वाटतं उलटं व्हायला पाहिजे.

उत्तरेकडं कड्यावरून उडी

उत्तर ध्रुवाजवळ नॉर्वेचं ब्योर्नोया म्हणून बेट आहे, त्याच्या कड्यांवर दोन जातींचे गिलेमॉट लाखांनी अगदी खांद्याला खांदा लावून बसतात. साधा गिलेमॉट आणि ब्रुनिकचा गिलेमॉट. दोघं काळे-पांढरे, किलोभर वजनाचे, दोघं शंभर मीटरपेक्षा खोल बुडी मारणारे, चोचीजवळची पांढरी रेघ बघूनच ओळखायचे. हिवाळ्यात साधा गिलेमॉट जवळच्याच बॅरेंट्स समुद्रात राहतो, ब्रुनिकचा पश्चिमेला आइसलंड-ग्रीनलंडच्या पाण्यात जातो.

यांचं एक विशेष सांगायलाच पाहिजे. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असताना, उडता येत नसताना, कड्यावरून खाली उडी टाकतं आणि पुढं बाप त्याला घेऊन समुद्रावर पोहत निघतो. आई नाही, बाप. त्याच सुमारास बापाची उडायची पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यालाही उडता येत नाही. म्हणजे बाप-लेक दोघं पायी, आपल्या भाषेत. अशा वेळी खाणं जवळ आणि भरवशाचं नसेल तर संपलं. म्हणून विणीनंतर कुठं जायचं हा हौसमौजेचा विषय नाही.

"पण समुद्र एवढा मोठा आहे, वाटून घ्यायची गरजच काय?"

हे चहाच्या वेळी आलेलं दुसरं वाक्य. मी म्हणलं, सोलापूर जिल्हा केवढा मोठा आहे, मग मे महिन्यात टँकर का लागतो? क्षेत्रफळ भरपूर आहे, पाणी उजनीत आहे.

समुद्राचं तसंच. वरून एकसारखा निळा दिसतो पण बराचसा भाग खाण्याच्या दृष्टीनं माळरान. खाणं साठतं ते ठराविक जागी. जिथं खालचं गार, खतासारख्या क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं तिथं, किंवा जिथं गार आणि गरम पाण्याचे प्रवाह एकमेकाला भिडतात तिथं, त्या रेषेला फ्रंट म्हणतात. अशा जागांवर बारके जीव साठतात, त्यांच्यामागं मासे, त्यांच्यामागं पक्षी. म्हणजे भांडण आख्ख्या शिवाराचं नाही, विहिरीचं आहे.

"मग भांडून वाटणी झाली का?"

इथं जरा जपून. बांध कोरणं, मोजणी आणणं, असलं काही समुद्रावर दिसत नाही. पातळ चोचीचा प्रायन अंटार्क्टिक प्रायनला हाकलून देतोय असं कुणी बघितलेलं नाही. कदाचित फार पूर्वी कधीतरी चुरस झाली आणि वेगळं जाणारे टिकले. कदाचित चोचीची ठेवण, पंखांची लांबी, गारठा सोसायची ताकद यामुळं प्रत्येकाला आपापलं पाणीच बरं पडतं आणि चुरशीचा संबंधच नाही. आज दोघं वेगळे आहेत एवढ्यावरून काल भांडले होते असं सिद्ध होत नाही, चुलत्यांची घरं वेगळी दिसली म्हणून कोर्टकचेरी झालीच असेल असं थोडंच आहे, एखाद्याची बदलीही झाली असेल.

शिवाय वेगळं व्हायला जातही वेगळी लागत नाही. वँडरिंग अल्बट्रॉस घ्या, पंखांचा पसारा तीन मीटरपेक्षा जास्त. नर मोठा आणि जड, तो दक्षिणेकडच्या सोसाट्याच्या वाऱ्याच्या पट्ट्यात फिरतो, मादी हलकी, ती जरा उत्तरेला उबदार पाण्यावर. आणि उत्तरेच्या त्याच पट्ट्यात टूना पकडणारी जहाजं कित्येक किलोमीटर लांब दोरीला हजारो गळ लावून सोडतात. आमिषावर झडप घातली की पक्षी गळाला अडकून बुडतो. त्यामुळं काही बेटांवर माद्या जास्त मेल्या आणि नर विधुर राहिले. आता हिंदी महासागरात २५ अंश दक्षिणेच्या खाली गळ टाकताना रात्रीच टाकणं, दोरीला वजन लावणं, पक्षी बुजतील अशा पताका लावणं, यातले दोन उपाय तरी करावेत असा नियम आहे.

"फोटोत तर सगळे एकत्रच दिसतात की"

दिसतात, आणि हेही खरंय. उत्तर अटलांटिकच्या मध्यात, ग्रीनलंडच्या दक्षिणेला, एक पट्टा सापडला. वेगवेगळ्या देशांतल्या पन्नासहून जास्त वसाहतींमधल्या २१ जातींच्या पक्ष्यांची यंत्रं एकत्र मांडली तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांच्या रेघा तिथं येऊन मिळतात. अंदाज २९ ते ५० लाख पक्ष्यांचा. २०२१ मध्ये त्यातला जवळजवळ ६ लाख चौरस किलोमीटर भाग संरक्षित जाहीर झाला, म्हणजे जवळजवळ दोन महाराष्ट्रांएवढा, आणि तिथं जमिनीचा एक खडा नाही.

मग वाटणीचं काय झालं? वाटणी नकाशावर एकमेकावर चढलेली दिसली तरी कोनाडे वेगळे असू शकतात. एक म्हणजे पाळी. यंत्रमागावर कसं, माग तोच, दिवसपाळीचा कामगार वेगळा आणि रात्रपाळीचा वेगळा. पफिनसारखे उत्तरेचे पक्षी तिथं त्यांच्या हिवाळ्यात येतात आणि दक्षिण गोलार्धातून येणारे शिअरवॉटर उत्तरेच्या उन्हाळ्यात. दुसरं म्हणजे मजले. कुणी पाण्याच्या पृष्ठभागावरून टिपतं, कुणी दहा-वीस मीटर, कुणी शंभर मीटर खाली जातं. आणि तिसरं, सुगी असली की वाटणीची तेवढी निकड राहत नाही. हुरड्याच्या दिवसांत शेतावर येणाऱ्या पाहुण्याला कुणी कणसं मोजून देत नाही.

आता त्या टोमण्याचं उत्तर

घरट्याचं बेट राखलं की पक्षी राखला असं आपण धरून चालतो. तसं असतं तर एका कड्यावरच्या दोन्ही जातींचं बरंवाईट बरोबर झालं असतं. पण एकाच्या हिवाळी पाण्यात तेल सांडलं तर तोच मरतो, शेजारी मजेत. २०१४ च्या सुरुवातीला पश्चिम युरोपात ओळीनं वादळं आली आणि किनाऱ्यांवर ५० हजारांहून जास्त मेलेले समुद्रपक्षी मोजले गेले, त्यात निम्म्याहून जास्त पफिन. घरट्याच्या बेटांवर तेव्हा काहीच झालं नव्हतं, दिवाळी संपून घर रिकामं होतं.

हवामान बदलाचंही तसंच बघावं लागतं. समुद्र तापला आणि गार पाण्याची हद्द दक्षिणेकडं सरकली तर गार पाण्यातल्या प्रायनला बेटापासून आणखी लांब जावं लागणार, उबेच्या प्रायनला कदाचित फरकही पडणार नाही. "समुद्रपक्षी धोक्यात" अशी एकगठ्ठा बातमी वाचली की मला आता पहिल्यांदा हेच वाटतं, कुठला, आणि कुठल्या महिन्यात.

आपल्या अरबी समुद्रात

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पावसाळ्यात आपल्याच कोकणापुढं काय चालतं बघा. अंटार्क्टिकाकडं वीण करणारा विल्सनचा वादळपाखरू, चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, दक्षिणेकडचा हिवाळा चुकवायला अरबी समुद्रात येतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडून शिअरवॉटर येतात. आणि विल्सनचाच दूरचा भाऊबंद स्विन्होचा वादळपाखरू येतो तो जपान-कोरियाकडून, म्हणजे बरोबर दुसऱ्या टोकाहून. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडं यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळं त्या दिवसांत बघायला फारसं कुणी नसतं. ऑगस्टपासून बोटी बाहेर पडल्या की दिसायला लागतात.

माझा मावसभाऊ रत्नागिरीला नोकरीला आहे, तो एकदा सप्टेंबरमध्ये ओळखीच्या बोटीवर गेला होता. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, काळं पाखरू, लाटेवर पाय टेकवत टेकवत नाचल्यासारखं चाललेलं. मी फोन केला, "शेपटीच्या वर पांढरा पट्टा होता का रे?" असला तर विल्सन, आख्खा काळा असला तर स्विन्हो. तो म्हणला थांब, परत बघतो. दहा मिनिटांनी फोन आला, "दादा, एकाला वाटतंय होता, आणि मागं दुसरं एक आहे त्याला नाही वाटत. बोट हलत होती ना."